हातभर माया

१

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. मास्तरांनी लग्न तर कधीच करून ठेवलं होतं, पाहायचं तेवढं राहून गेलं. लग्नानंतर एक पावसाळा आणि थोडी थंडी, एवढाच काय तो एकत्र संसार. मग ते शिलाईच्या नोकरीवर समुद्रापलीकडे गेले, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा पाहुण्यासारखे घरी यायचे नि पाहुण्यासारखेच परत जायचे. मुलगाही त्यांना असाच भेटला, दर खेपेला दोन इयत्ता पुढे गेलेला. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. कात्री धरणाऱ्याला जगात सगळीकडे मास्तरच म्हणतात.

नोकरी संपली तेव्हा म्हातारा तिथंच घर कशाला बांधतोय, असं पुष्कळांनी विचारलं. मास्तरांचं उत्तर सरळ होतं. गावी घरी गेलो की माझा टॉवेल कुठला ते मला विचारावं लागतं. इथं निदान माझी खुंटी मला माहीत आहे. शिवाय तिथली हवा गुडघ्यांना मानवलेली, बारा महिने घामट, ऊबदार. माडाच्या झावळ्या सळसळत असत आणि लांबून समुद्र ऐकू यायचा. अशा ठिकाणी छोटंसं घर बांधायचं आणि बायकोला बोलावून घ्यायचं, एवढा एकच हट्ट त्यांच्या आयुष्यात उरला होता. तीही नाही म्हणत नव्हती. मुलाचं लग्न झालं की येते म्हणाली, मग नातू चालायला लागला की येते म्हणाली. आता घर तयार झालं की येते म्हणाली होती.

म्हणून सगळं घर तिच्या मापानं बांधायचं ठरलं. ओटा तिच्या कोपराच्या उंचीला, फळी तिचा हात पोचेल तिथं, आरसा तिच्या कपाळासमोर. गिऱ्हाइकांची मापं मास्तर विसरायचे, बायकोचं माप मात्र तोंडपाठ. कुणी गावी जायला निघालं की त्याच्याबरोबर एक ब्लाउज शिवून पाठवायचे, आणि ती फोनवर म्हणायची, "अगदी अंगाबरोबर बसला हो." तेवढ्यावर मास्तरांचे पुढचे कितीतरी दिवस बरे जायचे.

गवंडी त्यांना आपल्याच भाषेतला मिळाला, पोटासाठी समुद्र ओलांडून आलेला आणि जिभेला हाड नसलेला. झोपायच्या खोलीपाशी दोघांचं वाजलं. शिंपी लोक शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. अंग सुटलं की तिथं उसवायचं आणि कपडा मोठा करायचा. मास्तरांना भिंतीत माया ठेवायची होती. बाहेरच्या जाड भिंतीच्या आत, हातभर जागा सोडून, एकेरी विटेची दुसरी भिंत. पुढंमागं खोली मोठी करावीशी वाटली तर आतली पाडायची.

"मास्तर, हे घर आहे, पॅन्ट नाही," गवंडी म्हणाला. "मोठी खोली हवी तर आत्ताच मोठी बांधा की."

"सैल कपडा उसना दिसतो. आज दोघांच्या मापात बसू दे. उद्या लागलं तर उसवू."

गवंड्यानं कपाळाला हात लावला. मालकाची हौस, आपलं काय जातंय, म्हणत त्यानं भिंत उभी केली. शेवटची वीट बसवायच्या आधी मास्तरांनी त्या भोकाशी तोंड नेलं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आतून गार, ओल्या सिमेंटचा वास येत होता. आता यांची एक जुनी सवय सांगायला हवी. भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडलं की हे रोज रिकाम्या खोलीला "अगं, आलो" म्हणायचे. हसू नका, एकट्या माणसाला काहीतरी लागतंच. त्याच सवयीनं ते भोकात म्हणाले, "अगं, आहेस ना?"

गवंडी हसला, मास्तरही हसले, आणि वीट बसली.

२

रंग व्हायच्या आधीच मास्तर राहायला आले. सामान ते काय, एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि चहाचं पातेलं. सुतारानं नवा पलंग आणून मांडला, दोघांचा. पलंग आणि ती आतली भिंत यांच्यामध्ये एका माणसाला सरळ चालत जाता येईल एवढी वाट ठेवली होती, कारण बायकोला भिंतीकडच्या बाजूला झोपायची सवय होती आणि तिनं पलंगावरून ओलांडून जाऊ नये, असं मास्तरांना वाटत होतं.

दिवस कसेबसे जायचे. सकाळी झाडांना पाणी, मग चहा, मग मशीनवर काहीतरी टाके. दुपारी जेवून आडवं व्हायचं. नोकरीत कधी दुपारी पाठ टेकायला मिळाली नव्हती, म्हणून आता ते हक्कानं झोपत. संध्याकाळी फाटकाशी उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघायचं. रस्त्यावरची माणसं मान हलवून पुढे जात. दिवसभरात तोंडातून शब्द निघाला नाही, हे मास्तरांना कधीकधी अंथरुणावर पडल्यावर ध्यानात यायचं आणि फार वाईट वाटायचं.

एक दिवस त्या वाटेतून जाताना त्यांची मांडी पलंगाला घासली. शिंप्याकडे कुणी कपडा आटल्याची तक्रार घेऊन आलं, तर तो आधी गिऱ्हाइकाच्या पोटाकडे बघतो. मास्तरांनी आपल्या पोटाकडे बघितलं. पोट होतं तेवढंच होतं. पुढच्या आठवड्यात त्यांना त्या वाटेतून आडवं होऊन जावं लागलं.

पलंग सरकला असेल म्हणून त्यांनी तो ओढून पाहिला, तर पलीकडचं कपाट, पायथ्याची खिडकी, सगळं आपल्या जागेवर. मग त्यांनी गळ्यातली टेप काढून खोली मोजली. चार बोटं कमी भरली. कापडी टेप जुनी झाली की ताणते आणि माप कमी दाखवते, हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते स्वतःशीच हसले आणि बाजारातून नवी टेप घेऊन आले. नव्या टेपनं खोली पाच बोटं कमी भरली.

मास्तर पलंगावर बसून राहिले. खोली मुळात तेवढीच असणार, असं त्यांनी मनाला सांगितलं. आपण बांधताना मोजली नसेल, किंवा मोजून विसरलो असू. वय झालं की माणूस विसरतो, त्यात काय एवढं. पण जन्मभर मापावर पोट भरलेल्या माणसाला हे गळी उतरवणं सोपं नव्हतं.

३

आवाज पहिल्यांदा आला तो भर दुपारी. बाहेर ऊन मी म्हणत होतं, झावळ्यासुद्धा हलत नव्हत्या. मास्तर भिंतीकडे पाठ करून पडले होते, झोप नुसती पापणीवर आलेली. आणि भिंतीच्या आतून, पलंगाच्या उंचीवर, टक् असं वाजलं. थोडं पुढं पुन्हा टक्. मग आणखी थोडं पुढं. सारख्याच अंतरानं तो आवाज खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत गेला, आणि कोपऱ्याशी पोचल्यावर सपाट तळवा आपटल्यासारखी एक थाप पडली.

मास्तर उठून बसले. पाल असेल. तिथल्या पाली वीतभर, आवाजही तसाच. नाहीतर नवा गिलावा वाळताना तडतडतो, तसं काही असेल. पण पाल अंतर मोजून चालत नाही, आणि गिलावा थाप मारत नाही.

लग्नानंतर त्यांनी एकच खोली भाड्यानं घेतली होती. ट्रंक कुठं मावेल, पाट कुठं राहील, हे बायको वितीनं मोजायची. आधी अंगठा टेकायची, मग करंगळी, मग करंगळीच्या जागी अंगठा. मास्तर टेप पुढं करायचे तेव्हा म्हणायची, "तुमची टेप दुकानात ठेवा. माझी वीत मी कुठं विसरत नाही." आणि मोजून झालं की भिंतीवर एक थाप मारायची, शहाण्या मुलाच्या पाठीवर मारतात तशी.

हे आठवलं आणि मास्तरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी तडक बायकोला फोन लावला. ती नातवाला भरवत होती. आवाज ठणठणीत होता. काय झालं म्हणून तिनं विचारलं, तर सहज केला, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावलं. उंदीर शिरलाय म्हणून सांगितलं. खरं सांगून वेड्यात कोण जाणार? गवंडी थापीच्या मुठीनं भिंत वाजवत चालला. पोकळ, पोकळ, पोकळ, आणि पलंगाच्या डोक्याशी एका जागी आवाज एकदम मुका झाला.

"मास्तर, आत काही ठेवलंत का? कापडाचा गठ्ठा वगैरे?"

"तूच तर बंद केलीस भिंत."

गवंड्यानं पुन्हा त्याच जागी ठोकलं. आता ती जागा पोकळ वाजली. त्यानं पुढं ठोकत नेलं, आणि दोन हात पलीकडे आवाज परत मुका झाला. जणू कुणी आतून पाठ टेकून उभं होतं आणि दोन पावलं सरकलं. गवंड्यानं थापी खाली घेतली. चहा टाकलाय म्हटलं तर नको म्हणाला, हत्यारं पिशवीत भरली आणि फाटकाच्या बाहेर गेल्यावर तिथूनच म्हणाला की पाडायची असेल तेव्हा बोलवा, उजेडी येईन.

४

आता खरं सांगायचं तर मास्तरांनी त्याच दिवशी भिंत पाडायला हवी होती. तुम्ही पाडली असती, मीही पाडली असती. पण तुमच्या-माझ्या घरात दिवसभर कुणी ना कुणी बोलत असतं. मास्तरांच्या घरात दुपारचा तो आवाज सोडला तर दुसरं कुणी काही वाजवत नव्हतं.

पहिले काही दिवस ते भ्याले. मग भीती बोथट झाली. मग दुपार झाली की त्यांचे कान भिंतीकडे लागायला लागले. आवाज यायला उशीर झाला तर ते कूस बदलत राहायचे. एक दिवस थाप पडली तेव्हा त्यांनी इकडून थाप मारली. आतला आवाज थांबला, आणि मग अगदी हलकेच, त्यांच्या हाताच्या बरोबर मागे, पुन्हा एक थाप पडली. लाजत नाही सांगायला, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी मशीन भिंतीशी आणून ठेवलं. टाके घालता घालता बोलायचे. आज पेरू पिकले, आज फाटकाची कडी तुटली, असलं काहीबाही. खोली रोज कणाकणानं अरुंद होत होती हे त्यांना दिसत होतं. पलंगाच्या त्या बाजूनं आता वाट उरलीच नव्हती, पलंग भिंतीला टेकला होता. पण आपल्याला कुठं नाचायचंय, असं म्हणून त्यांनी खोली मोजणं सोडून दिलं.

आणि एका सकाळी बायकोचा फोन आला. तिकीट काढलं, म्हणाली. मुलानं विमानात बसवून दिलं की येते. मास्तरांना इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं. सांगायला होतं कोण? त्यांनी भिंतीला सांगितलं. "अगं, ती येतेय!"

त्या दुपारी आवाज आला नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. घर इतकं गप्प झालं की मास्तरांना घास गिळल्याचा आवाज ऐकू यायला लागला. तिसऱ्या दुपारी त्यांनी भिंतीला हात लावला. एरवी गार असणारी ती भिंत एका जागी कोमट होती, कुणाचा गाल टेकलेला असावा तशी.

"रुसलीस का?" मास्तर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कानावर पडताच दचकून हात मागे घेतला.

५

विमानतळावर त्यांनी बायकोला ओळखलं नाही. मास्तर गर्दीत एक सडपातळ, ताठ चालीची बाई शोधत होते, आणि एक जाडसर, पांढऱ्या केसांची म्हातारी गुडघा धरत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "अहो, कुठं बघताय?" असं ती म्हणाली तेव्हा आवाजावरून पटलं. दर खेपेला पाहिली होतीच की, पण पाहुण्याला कोण नीट बघतो?

ती घरभर कौतुकानं फिरली. ओटा तिला उंच पडला. वयानं ती खचली होती. फळीपर्यंत हात वर जाईना, खांदा धरला होता. आरशात तिला स्वतःचे नुसते डोळे दिसले. तिनं पाट ओढून घेतला आणि त्यावर उभी राहून चहा केला. मास्तर दारात उभे राहून बघत होते. हे सगळं घर कुणासाठी बांधलं, असा प्रश्न त्यांना पडला.

संध्याकाळी तिनं बॅगेतून एक गाठोडं काढलं. सगळे ब्लाउज होते, बहुतेक घडी न मोडलेले.

"रागावू नका. पहिला जपून ठेवला, पुढचे दोन-चार माया उसवून उसवून घातले. मग त्यातही मावेना. तुम्हाला कुठं सांगायचं? तुम्ही एवढ्या हौसेनं विचारायचात."

"सगळे?"

"सगळे. जपून ठेवलेत बघा. हा डाळिंबी तर तुम्ही पहिला पाठवलेला."

मास्तर हसले, तीही हसली. पण दोघांनाही वाईट वाटलं, आणि ते दोघांनाही कळलं. गाठोडं तिनं खोलीतल्या कपाटात ठेवलं, आणि ती भिंतीकडच्या बाजूला झोपली. भिंतीतून गार झुळूक येतेय हो, म्हणाली. मास्तर तिच्या श्वासाकडे कान देऊन पडून राहिले. इतक्या वर्षांत त्यांना शेजारी कुणी झोपायची सवयच राहिली नव्हती.

तरी हळूहळू जमत होतं. तिनं मशीन भिंतीपासून उचलून पुढच्या खोलीत नेलं, उजेडात बसा म्हणाली. संध्याकाळी फाटकाशी आता दोघं उभी राहत. तिला पेरू आवडायचे हे मास्तरांना नव्यानं कळलं, आणि मास्तर झोपेत बोलतात हे तिला. काय बोलतात म्हणून त्यांनी विचारलं, तर तिनं विषय बदलला.

६

एका दुपारी ती कपाट आवरायला बसली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. मास्तर बघायला गेले. तिच्या मांडीवर डाळिंबी ब्लाउज होता. हुक नीट लावलेले, घडी मात्र मोडलेली. काखेत घामाचे ओले डाग होते.

"हात लावून बघा," ती म्हणाली.

कापड कोमट होतं, आत्ताच अंगावरून उतरवल्यासारखं.

तिनं आवाज चढवला नाही. शांतपणे म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही एकटे राहिलात. मी कधी विचारलं नाही. पुरुषमाणूस आहे, परमुलूख आहे, मनाला समजावलं. आताही भांडत नाही. पण झोपेत तुम्ही कुणाशी बोलता? या घरात कोण येत होतं?"

कुणी नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते खरंही होतं. पण मास्तर नुसते त्या ब्लाउजकडे बघत राहिले, आणि जेवढा वेळ गेला तेवढं तिचं तोंड उतरत गेलं.

आणि तेवढ्यात भिंतीत टक् वाजलं.

ती आली त्या दिवसापासून पहिल्यांदा. टक्, मग पुढं टक्, खिडकीपासून पलंगाच्या डोक्यापर्यंत. बायको मान वळवून ऐकत राहिली. आधी तिच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. मग तिनं नकळत स्वतःचा उजवा हात उचलला आणि पलंगाच्या कडेवर अंगठा टेकून करंगळी ताणायला गेली. संधिवातानं वाकडी झालेली बोटं उघडली नाहीत. भिंतीत थाप पडली. तिनं हात पदराखाली घेतला.

 मास्तरांना वाटलं, आता ती विचारेल आणि आपण सगळं सांगून टाकू. तिनं काही विचारलं नाही. तिला जे समजायचं ते समजलं होतं, आणि दुसऱ्या बाईचा संशय बरा होता असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"ही भिंत पाडा," ती म्हणाली. "पाडलीत तर मी राहीन. उरलेले दिवस तुमच्याजवळ काढायला आलेय मी. नाहीतर मला मुलाकडे परत धाडा."

"पाडतो," मास्तर म्हणाले. आणि त्यांना मनापासून पाडायची होती, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

७

गवंडी म्हटल्याप्रमाणे उजेडी आला. पलंग भिंतीपासून ओढायचा म्हणून आधी कपाट बाजूला केलं. बायको त्यातले ब्लाउज गाठोड्यात भरत होती. डाळिंबी कुठं गेला म्हणून तिनं दोनदा विचारलं, आणि मास्तरांकडे एकदा बघून विचारायची थांबली. मग चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेली.

गवंड्यानं छातीच्या उंचीला छिन्नी लावली आणि एक वीट सैल करून काढली. आत न बघताच तो मागे झाला. घण गाडीत राहिला म्हणाला आणि बाहेर निघून गेला. घण त्याच्या पायाशीच होता, हे मास्तरांनी पाहिलं, पण त्याला हाक मारली नाही.

भोकातून गार हवा येत होती. सिमेंटचा वास आता नव्हता. नव्या कापडाचा, इस्त्रीचा आणि थोडा घामाचा वास होता. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. सवयच ती. पाडायच्या आधी माप घेऊ या, हातभर ठेवली होती, अजून हातभरच आहे का बघू, असं म्हणून त्यांनी टेपचं पितळी टोक भोकात सोडलं.

टेप आत गेली. हातभर गेली, कुठं टेकली नाही. आणखी हातभर गेली. पलीकडची भिंत एव्हाना लागायला हवी होती. मास्तर सोडत गेले आणि टेप जात राहिली, अर्धी, अर्ध्याहून जास्त. मग ती थांबली. टोक कुठं आपटलं नाही. कुणीतरी ते अलगद धरलं.

लग्नानंतरच्या त्या भाड्याच्या खोलीत कापड मोजताना टेपचं दुसरं टोक बायको धरायची. अंगठ्याखाली पितळ दाबून धरायचं आणि धरलं हे सांगायला दोन बारीक झटके द्यायचे, हे मास्तरांनीच तिला शिकवलं होतं. त्यांच्या हातात दोन बारीक झटके आले.

भोकातून आत जाणाऱ्या उजेडात त्यांना फार काही दिसलं नाही. एक दंड दिसला, आणि त्यावर डाळिंबी बाही. पण शिंप्याच्या डोळ्याला तेवढं पुरतं. बाही दंडावर बसली होती, कुठं ताण नाही, कुठं झोळ नाही, एक चुणी नाही. आयुष्यात एवढे कपडे शिवले, पण आपलं शिवलेलं असं बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, चहा झालाय," स्वयंपाकघरातून हाक आली.

"आलो," मास्तर म्हणाले. कुणाला म्हणाले ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

गवंडी दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागून बायको आली, दोन हातांत दोन कप, गुडघ्यामुळे एका बाजूला झुकलेली. तिनं मास्तरांच्या मुठीतून भोकात गेलेली ताठ टेप पाहिली आणि ती जागच्या जागी थांबली.

"काय मास्तर," गवंडी उंबऱ्यावरूनच म्हणाला, "काढू ना पुढची वीट?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती वाट बघत होती. हातातल्या कपांतून वाफ निघत होती. ही आपली बायको, आपल्यासाठी एवढ्या लांब आली, पाटावर उभी राहून आपल्याला चहा करते, हे सगळं त्यांना कळत होतं. टेपला आतून एक बारीक झटका बसला.

"राहू दे," ते म्हणाले. "अगदी मापात आहे."

 बायकोनं दोन्ही कप पलंगावर टेकवले आणि ती वळली. पुढच्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, मग तिचं एक जड पाऊल आणि एक हलकं पाऊल, दाराकडे. मास्तरांचा जीव कळवळला. तिच्यामागे धावावं, तिचा हात धरावा, चुकलो म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. पण जायचं तर टेप सोडावी लागली असती.